कानानं निवडलेलं झाड

माझं आयुष्य पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलं. झाड घेताना मुळं पाहावीत, शेंडा पाहावा, आपल्या मातीत ते तगेल का याचा विचार करावा, एवढं मला कळतं. माझी बायको गोपिका मात्र नर्सरीत पिशवीतून हातपंखा घेऊन आली. तोही दिवाळीनंतरच्या थंडीत.

गोष्ट ब्याऐंशी सालची. हुडकेश्वरला आम्ही नुकतंच घर बांधलं होतं, आजूबाजूला अजून तुरीची शेतं होती. मुलगी लतिका रानीखेतला, जावई फौजेत. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिची सासू म्हणे, इथं फौजेचा दवाखाना आहे, भर उन्हाळ्यात नागपूरच्या भट्टीत कशाला जायचं? लतिका येतेही म्हणेना आणि नाहीही म्हणेना. एवढंच लिही, की खिडकीबाहेर चिडाची झाडं आहेत, रात्रभर सांय सांय करतात, ते ऐकत झोप लागते.

गोपिकेनं तेवढंच धरून ठेवलं. "इथं तिले झोप कशी लागन? तो आवाज आपल्या घरी पाहिजे. मंग येते की नाही पाहा."

लेक येणार नाही या धास्तीनं तिचं जेवण कमी झालं होतं, म्हणून मी चिडलो नाही. शांतपणे समजावलं, की चीड म्हणजे डोंगरातला पाइन. आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबलं की त्याची मुळं सडतात. मुरूम घालून उंचवटा करावा लागेल.

"ते तुम्ही करा," ती म्हणाली. "वाजते का, तेवढं मी पाहतो."

सावनेर रोडवरच्या नर्सरीवाल्या शालिकरामनं पाइन म्हटल्यावर अणकुचीदार दिसणारं सगळंच पुढे आणलं. मोरपंखी आणली, जिची पानं पोरं विद्या म्हणून पुस्तकात ठेवतात. कुंडीतला ख्रिसमस ट्री आणला. डब्यात एक खरा चीड होता, जेमतेम वीतभर. त्याच्या प्रत्येक झुपक्यात तीन सुया आहेत, ही खात्री करून मी खूश झालो.

गोपिकेनं पदर खोचला आणि एकेका झाडाला वारा घालू लागली. कान फांदीपाशी, डोळे मिटलेले. पाणी घालणारी बाई झारी तशीच धरून बघत राहिली. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

मोरपंखी गप्पच राहिली. ख्रिसमस ट्री नुसता डुलला. "दिसाले देखणा, पण बोलत नाही," गोपिका म्हणाली. "तुमच्या अगदी उलटा." माझा चीड तर अजून बोलायच्या वयाचाच नव्हता.

मग तिनं पुरुषभर उंचीच्या, समुद्रकाठी असतो तशा सुरूला वारा घातला. बारीक, लांबट आवाज आला. तिनं पंखा थांबवला तरी तो क्षणभर रेंगाळला. खोटं कशाला बोलू, मीही पुढे सरकून कान दिला.

"हाच पाहिजे," ती म्हणाली.

"अगं, हा पाइन नाही. पाइनच्या कुळातलासुद्धा नाही."

"मले का त्याच्याशी सोयरीक करायची आहे?"

"दोन्ही न्या ना गा, सर," शालिकराम म्हणाला. त्याला आमचं भांडण मिटवण्यात रस होता की दुकान उरकण्यात, देव जाणे.

चीड मी अंगणात मुरमाच्या उंचवट्यावर लावला. सुरू लतिकाच्या खिडकीखाली गेला. गोपिकेनं पत्रात कळवलं, तुझा तो आवाज आणून ठेवला आहे, आता ये. पंधरवड्यात उत्तर आलं, येते. गोपिकेनं सुरूला हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, माझ्या सुया मोजण्यापेक्षा हे बरं दिसतं.

लतिका आली ती चैत्रात, दुपारी, ऊन नुसतं पेटलेलं. जेवून खोलीत आडवी झाली आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरघरायला लागल्याबरोबर तिचा डोळा लागला. गोपिका दारातून पाहत होती. तिला काय वाटलं कोण जाणे, आत जाऊन तिनं कूलर बंद केला आणि खिडकी उघडली. उन्हाची झळ आत शिरली. बाहेर सुरू मन लावून वाजत होता.

लतिका घामेजून उठली. "कूलर काहून बंद केला वं, आई?"

"झाड ऐक ना. तुले याच आवाजात झोप लागते ना?"

लतिका आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "तिथं मले झोपच येत नव्हती, आई. एका रात्री वारा सुटला अन् चीड आपल्या कूलरसारखे वाजाले लागले. थंडी किती बी असो, खिडकी उघडी ठेवली तरच डोळा लागे. वाटे, आपल्याच घरी आहो."

गोपिकेनं खिडकी लावली, कूलर चालू केला आणि बटणावरचा हात बराच वेळ काढला नाही. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते.

कूलरमधलं पाणी तळाला गेलं होतं. चिडासाठी भरून ठेवलेली बादली मी उचलली आणि कूलरमध्ये ओतली.