पाहुणीचा जबाब

दीड वर्ष आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो, पण एकमेकींच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. हाँगकाँगमधल्या शाम शुई पोच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर डावीकडे माझी खोली, उजवीकडे चुनयाची, मध्ये हातभर बोळ. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी दारं उघडायचो, आपापल्या उंबऱ्याच्या आत स्टूल टाकायचो आणि वाडगे बोळातून इकडून तिकडे द्यायचो. खारवलेला मासा माझा, तिखटजाळ मुळा तिचा. आमच्याकडे कायदाच तसा आहे. एका खोलीत एक बाई धंद्याला बसली तर गुन्हा नाही. दुसरी तिथं आली की तो अड्डा, आणि जिची खोली ती अड्डेवाली. कायदा करणाऱ्यांना जेवताना सोबत लागत नसावी.

माझं त्यातल्या त्यात बरं होतं. मी साव-किंग, वय बावन्न. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न करून सीमेपलीकडच्या चीनमधून हाँगकाँगला आले. नवरा गेला, ओळखपत्र राहिलं. ते असलं की पोलीस दारात आला तरी 'बसा, चहा घेता का' म्हणता येतं. चुनयाकडे ते नव्हतं. तिचा नवरा इथला, मुलगी इथंच जन्मलेली, दुसरीत शिकणारी. आई मात्र पाहुणी. दर तीन महिन्यांनी पलीकडे जायचं आणि परवान्यावर नवा शिक्का घेऊन यायचं. पाहुणीला इथं पैसे घेऊन भांडी घासायचीही मुभा नाही, आमच्या धंद्याचं तर नावच नको. पण नवरा परांचीवरून पडून अंथरुणाला खिळलेला. कायम राहण्याच्या रांगेत तिची चार वर्षं गेली होती, मुलाखत झाली होती, कागद आज येतो की उद्या असं चाललं होतं. त्याआधी पकडली गेली असती तर दोन-तीन महिने तुरुंग, मग पलीकडे रवानगी, आणि रांगेत पुन्हा शेवटी. तोवर पोरगी तिच्याशिवाय मोठी झाली असती.

एवढे चार दिवस धंदा बंद ठेव म्हणून मी तिच्या कानीकपाळी ओरडायची. ती म्हणायची, कागद येईपर्यंत पोरीनं उपाशी राहायचं का? मग मी आणखी चिडायची.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी साडेतीनच्या सुमारास एक माणूस माझ्या दाराशी आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात गोड भाषा. पैशांचं काही विचारेना. मी मूळची कुठली, इकडे येऊन किती वर्षं झाली, हेच विचारत बसला. मी म्हटलं, "तुला बाई हवीय की जनगणना करायचीय? ओळखपत्र आहे माझ्याकडे." तो हसला, जरा तरुण बघतो म्हणाला आणि समोरची घंटा वाजवली. चुनयाच्या दोन शब्दांतच त्याला तिच्या बोलण्याचं पलीकडचं, हुनानी वळण कळलं असणार. दार लागलं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पाच मिनिटं लागली, त्याची मला अजून लाज वाटते. मागच्याच गल्लीत महिन्याभरात दोन बायकांना कुणीतरी मारून लुटलं होतं. दोघी पाहुण्या. दोघींपैकी कुणीही पोलिसांकडे गेली नाही, आणि लुटणाऱ्याला ते आधीच ठाऊक होतं.

मी बोळ ओलांडून तिच्या दाराला कान लावला. आधी काहीच ऐकू येईना. मग स्टूल पडल्याचा आवाज. मग उशीत तोंड दाबल्यावर येतो तसला आवाज.

पोलिसांना बोलवावं तर ते त्याला धरणार, आणि दुसऱ्याच मिनिटाला तिचा परवाना मागणार. आत जावं तर एका खोलीत दोघी. इकडे आड तिकडे विहीर. मी काही शूर बाई नाही, पण तो आवाज ऐकून मला थांबवेना. आमच्या जादा किल्ल्या एकमेकींकडे असायच्या. मी तिची किल्ली घेतली, चुलीवरची लोखंडी कढई घेतली आणि दार उघडलं.

ती जमिनीवर पालथी होती. त्याचा गुडघा तिच्या पाठीत, आणि फोनच्या चार्जरची वायर तिच्या गळ्याभोवती. मी कढई त्याच्या खांद्यावर घातली, मग कानावर. त्यानं मला भिंतीवर ढकललं, तिची पर्स उचलली आणि जिन्यानं पळाला. मी वरून बोंब मारली. खालचे राखणदार काउ काका सज्जन माणूस. त्यांनी जिन्याचं लोखंडी दार लावून टाकलं. आणि सज्जन माणसं करतात तेच केलं, पोलिसांना फोन केला.

चुनया खोकत उठून बसली. "ताई, तू आत का आलीस?" हे तिचं पहिलं वाक्य.

"गप. नीट ऐक," मी म्हटलं. "ही खोली माझी. तू माझ्या मावसबहिणीची लेक, मला भेटायला आलीस. पर्स माझी, लुटलं मला. तुला काहीही झालेलं नाही. म्हण."

"मला काही झालेलं नाही."

मी माझा रुमाल तिच्या गळ्याला गुंडाळला.

वर एक बाई आली, हवालदार फोंग, माझ्याच वयाची, थकलेल्या चेहऱ्याची. खालून त्या माणसाचा आवाज येत होता, तिचे कागद बघा, पाहुणी म्हणून येते आणि धंदा करते. चोर तो चोर, वर शिरजोर. फोंगबाईनं माझं ओळखपत्र पाहिलं, चुनयाचा परवाना पाहिला. मी सांगितलं, समोरच्या खोलीत मी राहते, इथं काम करते. बाई एकच, खोल्या दोन. तिनं लिहून घेतलं.

मग म्हणाली, "तुझीच खोली ना? मग हिला जरा पाणी दे. घसा बसलाय हिचा."

दीड वर्षात मी त्या खोलीचा उंबऱ्यातून दिसतो तेवढाच तुकडा पाहिला होता. वरचं कपाट उघडलं. आत पोरीचा शाळेचा धुतलेला गणवेश, छोटे पांढरे मोजे. दुसरं उघडलं, त्यात रजई. पेले कुठं असतील याचा काही अंदाज येईना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चुनयाची नजर क्षणभर पलंगाखाली गेली. ती मी पाहिली, आणि फोंगबाईनंही पाहिली. तीच वाकली, पलंगाखालून थर्मास आणि पेला काढला, पाणी ओतून चुनयाच्या हातात दिलं. चुनयाला ते गिळता येईना.

फोंगबाईनं पेन बंद केलं. "मी एकदाच विचारणार आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यानं तुला काय केलं? तू सांगितलंस तर तो बरीच वर्षं आत जाईल. पण मग तू या खोलीत काय करत होतीस, तेही मला लिहावं लागेल."

चुनयानं माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना. दहा मिनिटांपूर्वी मीच शिकवलेलं वाक्य मला आता तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, आणि तिनं दुसरं काही बोलू नये म्हणून माझा जीव मुठीत होता.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी पाहुणी आहे."

फोंगबाईनं तसंच लिहिलं, वाचून दाखवलं, आणि चुनयानं सही केली.

त्या माणसाला माझी पर्स चोरल्याची आणि मला ढकलल्याची शिक्षा झाली, आठ महिने. चुनयाचा कागद जानेवारीत आला. तिनं खोली सोडली, एका बेकरीत कामाला लागली. जूनमध्ये एका दुपारी ती माझ्या दारात आली आणि पर्समधून स्वतःचं नवंकोरं ओळखपत्र काढून दाखवलं. तो पुढच्या महिन्यात सुटणार होता. "ताई, आता मी पाहुणी नाही," ती म्हणाली. "आता सांगते. चल माझ्याबरोबर." मला तिचा इतका अभिमान वाटला की मी दुपारचं ठरलेलं गिऱ्हाईक रद्द केलं.

चौकीतला माणूस सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, नवा फॉर्म काढला, तिचं सगळं बोलणं लिहून घेतलं. वायरचं, गुडघ्याचं, सगळं. मग जुनी फाइल मागवली आणि शांतपणे वाचू लागला. वाचून झाल्यावर त्यानं ते पान तिच्याकडे फिरवलं.

"ही सही तुमचीच?"

"माझीच."

"म्हणजे दोनांतला एक जबाब खोटा. तेव्हाचा खोटा असेल, तर तेव्हा तुम्ही पाहुणी असताना तिथं काय करत होता, ते आम्हाला बघावं लागेल. मग या ओळखपत्राचंही बघावं लागेल." तो धमकी देत नव्हता. नियम सांगत होता. "कुठला खोटा?"

मी तोंड उघडलं, पण चुनयानं माझ्या हातावर हात ठेवला. टेबलावरचं ओळखपत्र उचललं, पर्समध्ये ठेवलं, चेन लावली.

"आत्ताचा," ती म्हणाली. "आत्ताचा खोटा."

त्यानं फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि तिला तिथं सही करायला सांगितलं.