चुंबकाच्या दाराशी मंगळसूत्र

पाहुणे मला बघायला यायच्या आधीच अप्पांनी बजावलं होतं, "शिवप्रिया, कामाबद्दल थोडकंच बोल." मी बोलायला लागले की स्थळं पळतात, असा माझ्या वडिलांचा, म्हणजे महालिंगप्पांचा, अनुभव. माझी भीती वेगळी होती. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत, मोठ्या चुंबकावर काम करायची जागा मला नुकतीच मिळाली होती. लग्नापायी ती सोडायला लागू नये, एवढंच मला हवं होतं.

मुलगा शंभुलिंग आमच्या माकणी गावातल्या घरात गुळाच्या गणपतीसारखा बसला होता. प्रश्न त्याची आई सिद्धम्मा विचारत होत्या.

"काय काम करतीस गं?"

"मोबाईलच्या पडद्यात द्रव स्फटिक असतात, काकू. पाण्यासारखे वाहतात, पण त्यांचे रेणू रांगेत उभे. जोरदार चुंबक लावला की सगळे त्याच्याकडं वळतात. तवा त्यांच्यातून उजेड कसा जातो, ते बघायचं."

"कसा जातो?"

"गॉगलच्या खास काचा असतात, तसल्या दोन एकीवर एक आडव्या-उभ्या धरायच्या आन् मधे हे ठेवायचं. आधी उजेड दिसतो. सगळे एका दिशेला वळले, की अंधार."

सिद्धम्मा खूश झाल्या. "आमच्या घरात बी तसंच. म्या बोलले की समदे एकाच बाजूला."

मी शंभुलिंगकडे पाहिलं. अंधार भरपूर होता.

"मग त्या चुंबकाजवळ भ्या न्हाय वाटत?"

"न्हाय. धातूचं काही असंल ते दाराबाहेर काढून ठेवायचं. घड्याळ, पिना, दागिने."

"मंगळसूत्र बी?"

"ते बी."

"सोन्याला चुंबक कवापासून धरायला लागला?"

बाई हुशार होत्या. पण कुणाचं सोनं किती खरं, हे दाराशी कोण तपासत बसणार? नियम सगळ्यांना सरसकट.

"म्हंजी रोज काढायचं. सौभाग्याचं लेणं, आन् खुंटीला." मग त्यांनी मला नाही, अप्पांना विचारलं, "नोकरी सोडंल न्हवं पोरगी?"

अप्पा जन्मभर पाहुण्यांना 'व्हय' म्हणत आलेले. आताही म्हणणार, अशी माझी खात्री होती. त्यांच्या आधी मीच बोलून टाकलं.

"काढायची भानगडच नको, काकू. मी ते घालणारच न्हाय."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं. मग त्यांनी पोह्यांची बशी उचलून सिद्धम्मांच्या हातात दिली.

"खाऊन घ्या," ते म्हणाले. "पोरीला बंगळूरच्या गाडीवर सोडायला जायचंय मला."