चार नंबरच्या खाटेवरचं अक्षर

मी वही बोलतेय. साधी, शंभर पानी. दुकानातल्या माझ्या बहिणींच्या वाट्याला शाळा आली, माझ्या वाट्याला यकृत निकामी झालेल्यांचा अतिदक्षता विभाग. ज्याचं त्याचं नशीब!

माझं काम सोपं. यकृत थकलं की रक्तातलं विष मेंदूपर्यंत पोचतं आणि माणूस बोलण्यात चुकायच्या आधी लिहिण्यात चुकतो. म्हणून सिस्टर रोज सकाळी रुग्णाकडून माझ्यावर नाव लिहून घेतात. अक्षर वाकडं, की डॉक्टर सावध.

चार नंबरच्या खाटेवर पाट्या रंगवणारे पेंटर आले. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. पण नाव काढलं ते पाटीवरच्यासारखं, अक्षरांच्या सावलीसकट!

"काय डॉक्टर, तुमच्या चिठ्ठीपेक्षा बरं आहे ना?"

"बरे व्हा, माझी पाटी तुम्हीच रंगवा," डॉक्टर हसले.

तिसऱ्या सकाळी शिरोरेघ घसरली. औषध वाढवलं, संध्याकाळी जरा तरतरी आली. डॉक्टर म्हणाले, "उद्या अक्षर नीट आलं, तर वॉर्डात हलवू." पेंटरांच्या बायकोनं तेवढंच वाक्य मनाशी घट्ट धरलं.

चौथ्या सकाळी पेंटरांना पेनाचं टोपण निघेना. सिस्टर शेजारच्या खाटेकडे धावल्या होत्या. बाईंनी नवऱ्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली.

"अहो, लिहा ना. घरी जायचंय ना आपल्याला?"

चाळीस वर्षं त्यांनी आखलेल्या अक्षरांत बाईच रंग भरत आल्या होत्या. नाव हुबेहूब उतरलं.

"आज झोपाळलेले दिसतात," डॉक्टर म्हणाले.

"रात्री डोळ्याला डोळा नाही हो त्यांच्या."

डॉक्टरांनी मला पाहिलं, मान डोलावली, औषध तेवढंच ठेवलं. मी काय ओरडणार? कागदाला कंठ कुठला!

दुपारी पेंटर हाकेला ओ देईनात. श्वासासाठी नळी घातली, सगळे धावले. सिस्टरनी मला उघडून बाईंकडे पाहिलं.

"मला वाटलं, थोडा हातभार लावावा," बाई एवढंच बोलल्या.

कुणी रागावलं नाही. दोन दिवसांनी खाट रिकामी झाली. "वेळेवर कळलं असतं तरी कदाचित..." डॉक्टरांचं वाक्य काही पुरं झालं नाही.

निघताना बाईंनी माझं एक पान मागितलं. सिस्टर शेवटचं, देखणं पान फाडू लागल्या. बाईंनी त्यांचा हात धरला.

"ते नको. घसरलेलं द्या. ते त्यांचं आहे."

आता माझी थोडीच पानं उरलीत. कुणाच्या खाटेशी बसायची वेळ तुमच्यावर आली, तर पाय चेपा, केस विंचरा, खोटं खोटं हसासुद्धा. पेन मात्र त्याच्या एकट्याच्या हातात राहू द्या. वाकडं अक्षर मी सांभाळून घेईन. सरळ केलेलं मला सोसत नाही.