ओळखीचं नाव

इंद्रजीतचं नाव गुन्ह्यातून वगळा, एवढंच सांगायला पुंजाराम शेजवळ सकाळी कन्नडच्या ठाण्यात आले होते. समोर पोलीस निरीक्षक करुणा वाहूळ बसल्या होत्या. चहा आला आणि तसाच निवून गेला.

करुणाबाई शिपाई म्हणून भरती झालेल्या. खात्याच्या परीक्षा देत देत निरीक्षक झाल्या. भांडण ठाण्यात येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, असं त्या हाताखालच्यांना सांगत. दीड वर्षापूर्वी इथं आल्यापासून दर मंगळवारी त्या एका गावात जाऊन बसत. बांधाची, पाण्याची, सुनेच्या छळाची, सगळी गाऱ्हाणी ऐकून घेत. चिंचदऱ्यात त्यांच्या शेजारी सतरंजीवर पुंजाराम आणि चांदपाशा असत. या दोघा म्हाताऱ्यांच्या शब्दावर गावातली कितीतरी भांडणं कोर्टाबाहेर मिटली होती. आणि पुंजारामांची बायको मनकर्णाबाई करुणाबाईंना जेवल्याशिवाय सोडत नसे.

त्याच गावात परवा, मोबाइलवर फिरलेल्या एका खोट्या व्हिडिओवरून, चांदपाशांच्या मुलाचं, बासितचं, शिलाईचं दुकान जाळलं गेलं. करुणाबाई पोचल्या तेव्हा जमाव शंभरावर होता आणि त्यांच्यासोबत चार शिपाई. त्यांनी लाठी उगारू दिली नाही. एकेकाला नावानं हाक मारत त्या गर्दीत शिरल्या. ज्याचं नाव घेतलं, तो खाली मान घालून घराकडे वळत गेला. अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला, पण दुकान वाचलं नाही. पेटता बोळा टाकणाऱ्याला तिघांनी पाहिलं होतं. तो पुंजारामांचा मुलगा इंद्रजीत होता.

“बाई,” पुंजाराम शेवटी म्हणाले, “लेकरू चुकलं. तलाठ्याच्या परीक्षेत पास झालंय. आता नाव आलं तर जिंदगी गेली त्याची. तुम्ही माझ्या घरचं खाल्लंय, म्हून आलो. दुसऱ्या कुणाच्या दारात गेलो नाय.”

करुणाबाईंनी निवलेला चहा बाजूला सरकवला.

“आबा, मी आज त्याचं नाव गाळलं, तर मंगळवारी चांदपाशांच्या शेजारी कोणत्या तोंडानं बसू? आणि तुम्ही कसे बसाल?”

पुंजाराम उठले. दारापर्यंत सोडायला जाताना करुणाबाईंनी सांगितलं, की इंद्रजीतला उचलायला गाडी पाठवत नाही, पाच वाजेपर्यंत तो स्वतः हजर होण्याची वाट बघते. दुपारी शहरातून वरिष्ठांचा फोन आला. आरोपी अजून बाहेर कसा, असं त्यांनी विचारलं. तो येईल, नाही आला तर जाब मी देईन, असं सांगून करुणाबाईंनी फोन ठेवला. मग मात्र त्यांना एका जागी बसवेना.

साडेचारला पुंजाराम आले. सव्वीस वर्षांच्या मुलाचं मनगट त्यांनी लहान पोराचं धरावं तसं धरलं होतं.

“घ्या,” म्हणाले आणि मागं न बघता पायऱ्या उतरले.

त्या संध्याकाळी चांदपाशा आपण होऊन पुंजारामांच्या ओट्यावर जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात करुणाबाईंनी गावातली चाळीस माणसं जमवली आणि दुकानातली राख काढायला लावली. त्या स्वतः घमेलं घेऊन उभ्या होत्या. बासित त्यांना हळूच म्हणाला, “मॅडम, दुकान तो फिर खडा हो जाएगा. पुंजाराम काकाकडं एकदा जाऊन या.”

त्या गेल्या. दार उघडलं नाही.

वर्षभरात त्यांची बदली झाली. इंद्रजीतला शिक्षा लागली, दीड वर्ष तो हर्सूलच्या तुरुंगात होता. चिंचदऱ्यात पुन्हा कधी दगडसुद्धा उचलला गेला नाही. वरिष्ठ आपल्या भाषणांतून त्या गावाचं उदाहरण देत, तेव्हा टाळ्या पडत आणि करुणाबाई खाली बघत.

निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या साध्या सुती साडीत एसटीनं चिंचदऱ्याला उतरल्या. सुटून आलेला इंद्रजीत अंगणात ट्रॅक्टरचं चाक बसवत होता. त्यानं पाहिलं, हात पुसले आणि वाट दिली. पुंजाराम ओट्यावर मका सोलत होते. करुणाबाई समोर जमिनीवर बसल्या.

“नोकरी सरली म्हणं,” पुंजाराम म्हणाले.

“व्हय, आबा.”

पुंजारामांनी कणसांचा ढीग दोघांच्या मध्ये सरकवला. करुणाबाईंनी एक कणीस उचललं. ऊन कलेपर्यंत दोघं दाणे काढत राहिली.