सगळ्यांना दिसणारी जीप

धडगावच्या त्या लहानशा आरोग्यसंस्थेत संगणक सांभाळणाऱ्या गायत्रीने रुग्णांच्या नोंदींसाठी फुकटातली संगणकप्रणाली आणली, तेव्हा प्रमुख उदेसिंगभाऊंनी नाक मुरडलं होतं. ती ज्या एलिक्झिर नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेली होती, ती आसपास कुणालाच येत नव्हती. बिघडलं तर कोण बघणार, असं त्यांनी विचारलं. मी बघेन, असं तळोद्याची ही पोर छातीठोकपणे म्हणाली. ही प्रणाली बंद पडली तरी आपोआप उठते, शिवाय सगळं उघडं, लपवाछपवी नाही. उत्साहाच्या भरात तिने रुग्णांना आणणाऱ्या जीप कुठे आहेत हे दाखवणारा नकाशाही सगळ्यांसाठी खुला केला आणि पाड्यापाड्यांवर फिरून लोकांना तो मोबाइलवर बघायला शिकवलं. लोक शिकलेही. शिकणारच, शेजाऱ्याच्या दारात काय चाललंय हे बघायला कुणाला नको असतं?

आज त्यातल्या एका जीपचा ठिपका सकाळपासून एका पाड्यावर खिळून होता. तिथे सोनम होती, दिवस भरलेली आणि झटके येत असलेली. चालक सुकरामने टेकडीवर चढून फोन लावला.

"ताई, डोकरी दारमा आडी बशेल शे. म्हनस, पैले तो नकाशा बंद करा, मंगच सूनले निंघू देसू."

डोकरी म्हणजे सोनमची सासू, दगूबाई; ती दार अडवून बसली होती. मागे त्याच पाड्यावरची एक मुलगी जीपमधून गेली ती परत आली नाही, आणि तिला दगूबाईनेच खाल्लं अशी कुजबुज सुरू झाली होती. डाकीण ठरवलेल्या बाईचं पुढे काय होतं, हे गायत्रीला कुणी सांगायला नको होतं. तिथली घरं टेकड्यांवर विखुरलेली, एरवी या घरचं त्या घराला कळतही नाही. आता मात्र दगूबाईच्या घरात आणखी एक जण आजारी आहे, हे सारा पाडा हातातल्या फोनवर बघत होता.

गायत्रीने प्रणालीतला नकाशाचा भाग बंद केला. तो परत उठला. पुन्हा बंद केला, पुन्हा उठला. याच गुणाचं तिने गावभर कौतुक केलं होतं, पण त्याला कायमचं झोपवायचं कसं, ते तिला येत नव्हतं.

"तार ओढ," मागून उदेसिंगभाऊ म्हणाले.

बाकीच्या जीपही दिसेनाशा होतील, असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिने, ज्यावर प्रणाली चालायची त्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाची तार उपटली.

नकाशा बंद झाल्यावर काही वेळाने जीप आली. सोनम शुद्धीवर नव्हती, पण श्वास चालू होता, तिला घाईने आत नेलं. मागून दगूबाई उतरली. तिच्या काखेत गाठोडं होतं. ठिपका ज्यांनी बघायचा त्यांनी तो केव्हाच बघितला होता, म्हातारी आता पाड्यावर परत जाणार नव्हती.

गायत्रीला तिच्या नजरेला नजर देववेना. कुठे जाणार, तिने विचारलं, गाव सांगा, आम्ही पोचवू.

दगूबाईने गायत्रीच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरली.

"नाही," ती तुटक मराठीत म्हणाली. "तुला सांगितलं, की सगळ्यांना दिसतं."