गाडी कोण गार करतं

गाडीच्या पडद्यावर तो निरोप कित्येक दिवस येत होता. ‘नवीन अपडेट तयार आहे. आता करायचं की नंतर?’ मी दर वेळी ‘नंतर’ दाबायचे. दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटच्या वेळा लावून देण्याचं काम मी इतकी वर्षं करतेय की ‘नंतर’ हा शब्द आता माझ्या बोटांतच बसलाय. शिवाय त्या निरोपाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की अपडेट चालू असताना गाडी जागची हलणार नाही. आणि आमच्या घरात एक दिवस जरी बाहेर पडणं चुकलं तर काय होतं, ते मी एकदा पाहिलंय.

आईच्या किडन्या थकल्यात. एक दिवसाआड तिला डायलिसिसला न्यावं लागतं. गेल्या वर्षी ती एकदा हटून बसली, ‘आज नाही यायचं’ म्हणाली, आणि मीही इतकी दमलेली होते की ‘बरं, राहू दे’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत पाणी भरलं. श्वास घेताना तिच्या डोळ्यांत जे दिसलं, ते मला पुन्हा बघायचं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एकही खेप चुकवायची नाही. हे त्यांनी आईलाही सांगितलं. आईने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पुढच्या खेपेला पुन्हा हटून बसली.

तिला घराबाहेर काढणारी एकच गोष्ट होती. गाडी.

त्या प्रसंगानंतर माझ्या धाकट्या भावाने ती घेतली. तो दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. मी त्याला साहेब म्हणते, आई सोन्या म्हणते. विजेवर चालणारी, इंटरनेटला जोडलेली, स्वतःशीच टिंग टिंग करत बसणारी ही गाडी त्याने ‘आईसाठी’ म्हणून पाठवली. चालवते मी. धुते मी. चार्जिंगची ती जाड वायर साप धरावा तशी ओढत नेऊन लावते मी. पण गाडीचं खातं साहेबांच्या फोनवर. तिथे बसून त्याला गाडी कुठे आहे ते दिसायचं, मी ब्रेक जोरात दाबला तर तेही दिसायचं. मग संध्याकाळी फोन. ‘ताई, आज वळणावर जरा घाई केलीस का गं?’ उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त उंट आता खिशात मावतो.

आमची इमारत उन्हाला पाठ देऊन उभी आहे आणि गाडी मागच्या उघड्या आवारात. दुपारी तिचं दार उघडलं तर भट्टी. पण डायलिसिसच्या दिवशी आम्ही खाली उतरायचो तेव्हा गाडी आतून गारेगार असायची. पहिल्या खेपेला आई बसली, थबकली, आणि समोरच्या पडद्यावर तळहात ठेवून म्हणाली, ‘सोन्याने गाडी गार करून ठेवलीय. तिकडे बसून.’

तेव्हापासून तेच. ती हटून बसली की मी म्हणायचे, ‘आई, खाली गाडी गार होऊन उभी आहे.’ ती जरा वेळ भिंतीकडे बघायची. मग चपला शोधायची. ‘एवढ्या कामात त्याने आठवणीने केलंय, वाया घालवायचं का?’ गाडीत बसली की पडद्यावर दोनदा थोपटायची, लहान मुलाच्या पाठीवर थोपटतात तसं. त्या गार वाऱ्याचा झोत नेमका तिच्या पायांवर यायचा. तिचे पाय सुजलेले, आधीच थंडगार. मी शाल काढून पायांना गुंडाळायचे. पायाला गार लागतं असं तिने एकदाही म्हटलं नाही. लेकाने पाठवलेला वारा, त्याला नावं कशी ठेवायची?

हे सगळं मी ड्रायव्हरच्या सीटवरून बघायचे. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, दिवसभराचं पाणी मोजक्या पेल्यांत बसवणं, डायलिसिसच्या त्या थंड हॉलमध्ये स्टुलावर तासन् तास बसणं, हे सगळं माझं. कौतुक वाऱ्याचं. मला वाईट वाटायचं आणि वाईट वाटतं याची लाजही वाटायची. पण ती गाडीत बसत होती ना, मग मी गप्प राहायचे.

शेवटी साहेबांचा फोन आला. ‘ताई, तू सारखं नंतर नंतर दाबतेयस. मला दिसतंय सगळं. जुनं सॉफ्टवेअर ठेवणं बरं नव्हे. सुट्टीच्या दिवशी करून टाक. पुढे चल, पुढे चल दाबत राहायचं, बस.’

मधला रिकामा दिवस होता. आई झोपली होती. मी खाली गेले, सावलीत गाडी लावली आणि ‘आता’ दाबलं. पडदा काळा झाला, त्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. आत बसायची गरज नव्हती, तरी मी बसले. वर गेले असते तर धुण्याची बादली वाट बघत होती. इथे कोणी मला काही सांगू शकत नव्हतं. गाडीसुद्धा. मी सीट मागे टाकली आणि पाठ टेकली. त्या काळ्या पडद्यासमोर मला जी झोप लागली, तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती. टिंग झालं तेव्हा जाग आली. पडद्यावर रंगीत रंगीत प्रश्न होते. मी डोळे चोळत ‘पुढे चल’ दाबत गेले. काय काय पुसलं गेलं ते वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईची तीच तऱ्हा. ‘आज नको गं. आज अंगात काहीच नाही.’ मी नेहमीचं वाक्य म्हटलं. तिने चपला शोधल्या. आम्ही खाली आलो, मी दार उघडलं, आणि आतून सरळ वाफ तोंडावर आली.

आईने हात आत घालून बघितला. पडद्यावर तळहात ठेवला, तो चटका बसून मागे आला.

‘नाही केली आज,’ ती म्हणाली. रागाने नाही. ‘कामात असेल. जाऊ दे, मग आपणही राहू दे आज.’ आणि वळून चालायला लागली. जिन्याच्या तोंडाशी रखवालदाराची खुर्ची असते, तिच्यावर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

पुढच्या थोड्या वेळात आम्ही तिथे पोहोचलो नाही तर तिचा पलंग दुसऱ्या पेशंटला देतात. मी साहेबांना फोन लावला. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा उचलला.

‘अरे, गाडी गार नाही केलीस आज?’

‘कोणी, मी?’

‘मग कोण? रोज तूच करतोस ना?’

‘अगं ताई, मी कुठे काय करतो! तो टायमर होता. गाडी घेतली तेव्हा तुला वेळा विचारून एकदाच लावून दिला होता. आठवत नाही? अपडेटमध्ये उडाला असेल.’

‘म्हणजे इतके दिवस…’

‘रोज कोण करत बसणार? त्यासाठीच तर टायमर असतो.’ मग जरा हळू आवाजात, ‘आईला काय वाटत होतं?’

मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. ‘संध्याकाळी परत लावून देतो,’ तो म्हणाला. ‘मला आठवण कर.’

वर्षभर मी एका टायमरवर जळत होते. हसू यायला हवं होतं. आलं नाही. खुर्चीत बसलेल्या आईची पाठ दिसत होती, पोलकं ढगळ झालेलं, मानेची हाडं वर आलेली. ही बाई ज्याच्या आधाराने जगत होती तो आधार मी स्वतःच्या बोटाने पुसला होता, तोही अर्धवट झोपेत.

‘आई,’ मी ओरडून म्हटलं, ‘मीटिंगमध्ये अडकला होता तो. आता करतोय.’

आणि ती वळायच्या आत वाकून एसी चालू केला. पंखे घरघरले. आई उठून आली, दाराशी उभी राहिली, हातावर वारा घेतला. ‘बघ, विसरत नाही तो,’ म्हणाली आणि बसली. मी शाल पायांना गुंडाळली. उशीर झालाच. तिथली सिस्टर मला सगळ्यांसमोर बोलली. मी ऐकून घेतलं. आईला पलंग मिळाला होता.

संध्याकाळी मी साहेबांना आठवण केली नाही. गाडीत जाऊन बसले. नव्या पडद्यावर विचारलं होतं, गाडीला कोणाचा फोन जोडायचा. मी माझा जोडला. टायमर मलाही लावता आला असता. नाही लावला. त्या टायमरचं नावसुद्धा काढायची इच्छा नव्हती. मग एकेक चित्र दाबून बघत गेले, वारा कुठून येतो, कुठे जातो. पायाकडचा झोत बंद केला. तिथेच मला थोडं रडू आलं. कोणासाठी ते कळलं नाही, आणि तेवढा वेळही नव्हता.

पुढच्या खेपेला स्वयंपाकघरात आईचा पाण्याचा पेला धुता धुता मी फोनवरचं बटण दाबलं. खाली आवारात गाडी गार व्हायला लागली असणार. मला काहीच विशेष वाटलं नाही. मग बाहेर जाऊन तेच जुनं वाक्य म्हटलं.

आई गाडीत बसली. मी शाल घेऊन वाकले, तर तिने हात आडवा केला.

‘राहू दे. आज पायाला लागत नाहीये.’

तिने पडद्यावर थोपटलं नाही. हात मांडीवर तसाच राहिला. पहिला सिग्नल गेला, दुसरा लागला. ती बाहेर बघत होती.

‘आज गाडी तू गार केलीस का?’

त्या वेळी मला खोटं सुचलं नाही. मी म्हटलं, ‘हो.’

‘पायाचं सोन्याला कुठून माहीत असणार,’ ती म्हणाली. ‘आधी तो करायचा ना?’

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. टायमरचं सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, वर्षभराचं. सांगितलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं, हे मला तिथेच स्वच्छ दिसलं.

‘हो तर,’ मी म्हटलं. ‘रोज करायचा. आता त्याचं काम वाढलंय, म्हणून मीच म्हटलं, माझ्याकडे दे.’

‘बरं.’

पुढचा सगळा रस्ता मी मनात एकच म्हणत होते, आता ही उतरणार नाही. दाराशी गाडी लावली. तिच्या बाजूचं दार उघडून उभी राहिले. ती समोर बघत बसून होती. समजूत घालायला माझ्याकडे आता काहीच शिल्लक नव्हतं, गार वारासुद्धा माझाच होता.

आईने एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. माझा दंड धरला.

‘चल,’ म्हणाली. ‘उशीर झाला की ती बया तुला बोलते.’

आत तिला सुया लावल्या, नळ्या लाल झाल्या, मशीन चालू झालं. मी स्टूल ओढून बसले. फोन तिच्या उशाशी ठेवला. तिने मोकळ्या हाताने शाल माझ्याकडे सरकवली.

‘तू घे. तुला इथे गार होतं.’

‘तुला कोणी सांगितलं?’

‘दिसतं मला,’ ती म्हणाली. ‘आंधळी नाही झालेय अजून.’

मी शाल पांघरली. तिच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकलं, फक्त मिनिटभर, असं म्हणून. मशीन घरघरत होतं. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा सिस्टर सुया काढत होती आणि माझ्या गालावर चादरीची घडी उमटली होती. फोन आईच्या मोकळ्या हातात होता.

‘त्याचा फोन आला होता,’ आई म्हणाली.

‘काय म्हणाला?’

‘काही नाही. म्हटलं, नंतर कर. ताई झोपलीय.’