टावेलाखालचं कार्ड

या जगात फुकट अशी वस्तू अजून जन्माला आलेली नाही आणि यापुढे येणारही नाही, असं सुंदररावांनी आपल्या पशुखाद्याच्या दुकानाच्या पायरीवरून समस्त गेवराईला जाहीर केलं. जाहीर करताना त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि तो चहा पानटपरीवाल्या बंकटनं पाजलेला होता.

समस्त गेवराईऐवजी ऐकायला तिघंच हजर होते. बाकावर बंकट, गल्ल्यावर सून शिवकन्या आणि समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गळ्यात बँकेचं ओळखपत्र लटकवलेला रामेश्वर. तो बीडहून क्रेडिट कार्ड द्यायला आला होता. छोट्या धंद्यासाठी खास कार्ड, वार्षिक फी नाही, वर खरेदीवर पॉइंट, हे त्याचं एकदा बँकेच्या भाषेत आणि एकदा माणसांच्या भाषेत सांगून झालं होतं.

कार्ड हवं होतं शिवकन्येला. पेंडीची कंपनी हल्ली ऑर्डर फोनवर घेई आणि पैसे तिथल्या तिथं मागे. कार्डावर माल घेतला तर भरायला सवड मिळणार होती. शिवाय साठलेल्या पॉइंटांत येणारा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा तिनं फोनमध्ये हेरून ठेवला होता. दुकानातला जुना काटा पोत्याचं वजन करत नाही, नुसता त्याला नमस्कार करतो, असं तिचं मत होतं. पण दुकान मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर. सही त्यांचीच लागणार.

आणि मामांची अडचण वेगळी होती. उभा जन्म मेंढरांमागं गेला, गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा ते दुकानात बसले. तरी आजही कुणाला म्हैस घ्यायची असली की तो आधी सुंदररावांना गाडीवर घालून हिरापूरच्या जनावरांच्या बाजारात नेई. ते जनावराचं तोंड उघडत, दात बघत, शेपूट उचलत आणि हो किंवा नाही म्हणत. त्यांचा शब्द कधी चुकला नव्हता. आता आयुष्यात पहिल्यांदाच बिनतोंडाची वस्तू निवडायची वेळ आली होती. निवड चुकली असती तर हसायला बंकट होताच. तो त्या बाकावर इतकी वर्षं दुसऱ्या कशासाठी बसला होता?

"खोड काय हाय याची?" सुंदररावांनी विचारलं.

"काय, काका?"

"खोड बे, खोड. बाजारात इकणारा आदी खोड सांगतो. मारकं हाय, दूध चोरतं, दावं चावतं. तुज्या कार्डाची सांग."

"काहीच खोड नाही, काका. आयुष्यभर फुकट आहे."

सुंदररावांनी कप खाली ठेवला. "दूध देतं, चारा खात न्हाई, वर खोड बी न्हाई. मंग बँक कावून इकायली? सोताच्या दारात बांदून ठिवावं की!"

रामेश्वरनं माहितीपत्रक गल्ल्यावर ठेवलं. तो पिशवी उचलून उठला. बंकटला पहिल्यांदाच सुंदररावांचं म्हणणं पटलं आणि त्याचं त्याला वाईट वाटलं.

शिवकन्येनं संध्याकाळी रामेश्वरला फोन केला. "दादा, आमच्या मामांना चांगलं सांगू नका. वाईट सांगा. खरं खरं जेवढं वाईट असंल तेवढं समदं."

चार दिवसांनी रामेश्वर पुन्हा त्याच खुर्चीत. सुंदररावांनी नमुन्याचं कार्ड उन्हात धरलं, वाकवलं, उलटं केलं आणि मागची काळी पट्टी बघून म्हणाले, "पाठीवर पट्टा हाय."

"काका, खोड सांगतो," रामेश्वर म्हणाला. "तारखेला पूर्ण बिल भरलं नाही तर लाथ मारतं. थोडंसं भरून भागत नाही, राहिलेल्यावर जबर व्याज चढतं."

"हां! मंजी मारकं हाय. पर येळेला चारा टाकला की गरीब."

"आणि त्याच्यावर एटीएममधून रोख काढायची नाही. काढल्या दिवसापासून व्याज."

"पाठीमागून हात लावायचा न्हाई. लई जनावरं आसत्यात तशी." सुंदररावांचा चेहरा उजळत चालला होता. "आजून?"

"पॉइंट वेळेत वापरले नाहीत तर वाया जातात."

"आटतं मंजी. आता कसं मानसावानी बोललास! चल, सौदा करू."

त्यांनी खांद्यावरचा टावेल काढून रामेश्वरच्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. बाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली, जितका आकडा तितकी बोटं धरून, बघणाऱ्यांना कळू न देता.

"काका, हे काय?"

"शंभराला किती पॉइंट ते तोंडानं बोलू नगं. चारचौघांत भाव सांगत्यात व्हय?"

चारचौघं म्हणजे बंकट. तो मान लांब करून बघत होता.

सुंदररावांनी तीन बोटं घट्ट धरली. गिऱ्हाइकाशी हसून बोलावं, एवढंच रामेश्वरला शिकवलेलं होतं. गिऱ्हाईक बोटं पिळू लागलं तर काय करावं, हे नव्हतं. त्यानं घाबरून हात ओढला. एक बोट निसटलं, दोन अडकली. सुंदररावांनी डोळे मिटून विचार केला, दोन बोटांना मायेनं एक झटका दिला आणि गर्जले, "झाला सौदा! दोन!"

शंभराला दोन पॉइंट बँक सगळ्यांनाच देत होती. तसं माहितीपत्रकावर छापलेलं होतं आणि शिवकन्येनं ते वाचलेलं होतं. तिनं रामेश्वरकडं पाहिलं. रामेश्वरनं तिच्याकडं पाहिलं. मग तिनं पत्रक पालथं घातलं आणि त्यावर किलोचं माप ठेवून दिलं.

"बघ बंकट्या," सुंदरराव सांगत होते, "एकावर आला आसता ह्यो. म्या तिनाला हात घातला, दोनावर सोडलं. त्याच्या बी लेकराबाळाचं बघाया लागतं."

बंकटनं बाक जरा पुढं सरकवला. मग बाकावरूनच खालच्या आवाजात म्हणाला, "सुंदरराव, माज्या पानटपरीसाटी बी एक बघ की."

बंकटनं सुंदररावांना 'राव' लावल्याची गेवराईच्या इतिहासात ही पहिलीच नोंद. सुंदरराव पोत्याला रेलले. बाजार कुठलाही असो, म्हणाले, माणसाला पारख पाहिजे. पारख असली की बँकसुद्धा दावणीला येते. आपण इथं बसून मुंबईच्या साहेबांचे दात मोजू शकतो. मग त्यांनी शिवकन्येला सगळ्यांसाठी चहा सांगायला सांगितला, या वेळी आपल्या खात्यावर.

"काका," रामेश्वर हळूच म्हणाला, "तेवढा हात सोडता का? सही कुठं करायची ते दाखवायचंय."